फुकटातली भुतं आणि सोमवारचे दहा

शुक्रवार, दुपारी

ती. वन्संना,

तुमच्या भावजयीचा वाकून नमस्कार. (वाकणं कागदावरच. खरोखर वाकले तर उठवायला सुनेला कामावरून बोलवावं लागेल.)

तुमची तब्येत बरी असणारच, कारण ती बिघडली असती तर तुम्ही आम्हाला सुखाने जेवू दिलं नसतं. गुडघे काय म्हणतात? कानाचं यंत्र लावता की अजून उशीखालीच असतं? आणि दात कसे आहेत? चावता येतं ना? वरच्या हिरडीला लागतं का? बोलताना सटकत तर नाहीत? (हे आपलं सहज. घरात कवळ्या बनतात, त्यामुळे हल्ली माणूस भेटलं की मी आधी तोंडात बघते, मग चेहऱ्याकडे.) मागच्या पत्रात तुम्ही लिहिलंत की दात उत्तम आहेत, अक्रोडसुद्धा फुटतो, चिकटवायची पेस्ट तेवढी जास्त लागते, आणि घरातले म्हणतात की आजी हल्ली सारखी हसतमुख दिसते. ते शेवटचं वाक्य मी चार वेळा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचलं. त्याच्याकडे मी नंतर येते.

त्याच पत्रात तुम्ही विचारलंत की नातवाने तुम्हाला टॅब दिलाय, दुपार सरता सरत नाही, तर फुकटात बघता येतील असे भुताचे सिनेमे कोणते ते कळव, आणि चांगले असतील तेच कळव. आणि हे कोण विचारतंय! मी नवीन लग्न होऊन आले होते तेव्हा रेडिओवर भुताचं नाटक ऐकत होते म्हणून तुम्ही रेडिओची वायर काढून कपाटात कुलूपबंद केली होती. (ती वायर अजून तुमच्याकडेच आहे. मागत नाही. नुसतं सांगते.) असो. विचारलंत ते मात्र योग्य माणसाला. गेल्या सहा महिन्यांत मी भुताचे एकतीस सिनेमे पाहिले, आणि भीती म्हणाल तर रुपेरी केसाएवढीसुद्धा वाटली नाही. मोठी नात नर्स आहे, दिवसभर रक्तात हात घालून येते, पण पडद्यावर नुसतं दार करकरलं तरी तोंडावर उशी धरते. मी तिला म्हणते, अगं, दाराला तेल घातलं नाही त्यांनी, बाकी काही नाही.

पण वन्सं, आधीच सांगून ठेवते, या पत्रात माझं चित्त ठिकाणावर नाही. दर दोन ओळींना मी घड्याळ बघते. कारण सोमवारी सकाळी दहा वाजता आमचे दातांचे डॉक्टर परगावाहून येऊन दवाखाना उघडणार, आणि त्यांच्या खुर्चीत पहिला बसणार तो फळबाजारात लिलाव पुकारणारा एक माणूस. तेव्हा त्याच्या तोंडात त्याची स्वतःची वरची कवळी असायला हवी. आज ती नाही. माझ्या हातून ती भलत्या डबीत गेली आणि भलतीच कवळी त्याच्या डबीत आली. तुमच्या भाच्याचं, म्हणजे माझ्या लेकाचं, सगळं काम या एकाच डॉक्टरांकडून येतं हे तुम्हाला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने एका बाईंचे दात थोडे पिवळट केले होते, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "पुढच्या वेळी मला दुसरीकडे बघावं लागेल." ओरडून म्हणाले असते तर बरं होतं. हळू म्हणाले. तेव्हापासून हा एकेक दात खिडकीशी नेऊन तीनतीनदा बघतो, आणि आता चूक झाली ती त्याची नाहीच. त्याला अजून पत्ता नाही. लिलाववाल्याची कवळी कुठे आहे ते मला कळलंय. ती कुठे आहे हे लिहायला मला थोडा दम लागेल. तोवर सिनेमे सांगते.

पहिली गोष्ट, फुकट म्हणजे काय ते समजून घ्या. टॅबवर तुम्ही भुताचा सिनेमा फुकट असं शोधलंत की शंभर दुकानं उघडतात. त्यातल्या निम्म्यांत सिनेमा नसतोच. एक जण सांगतो तुम्ही बक्षीस जिंकलात, एक सांगतो तुमच्या यंत्राला रोग झालाय, आणि एक अर्धवट कपड्यातली बाई म्हणते मी तुमच्या गल्लीतच राहते. (मी गल्लीत सगळ्यांना ओळखते. ती इथे राहत नाही.) यातल्या कोणालाही उत्तर द्यायचं नाही. दारावर आलेल्या विक्रेत्याकडे तुम्ही बघता तसं बघायचं आणि वरच्या कोपऱ्यातली फुली दाबायची. एका ठिकाणी विचारलं, तुमचं वय अठरापेक्षा जास्त आहे का. मी एकाहत्तरची. हो दाबलं, तरी पुन्हा विचारलं. दुसऱ्या ठिकाणी विचारलं, तुम्ही माणूस आहात का, आणि खात्री पटवायला नऊ चित्रांतले जिने ओळखायला लावले. भुताच्या सिनेमाला आत सोडताना ही चौकशी मला रास्तच वाटली. नातीने शेवटी मला एक सरळ दुकान शोधून दिलं. तिथे जुने सिनेमे खरोखर फुकट असतात, चोरीचे नाहीत, मध्ये जाहिराती लागतात तेवढंच. त्याची खूण तिने तुमच्यासाठी वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलीय.

या जाहिरातींनीच माझा घात केला. ते कसं, हे कळायला आमची खोली डोळ्यांसमोर आणा. तुम्ही महिन्याभरापूर्वी आठ दिवस राहून गेलात, पण कामाच्या खोलीत नाकाला पदर लावून दारापर्यंतच आलात. (पावडरची धूळ असते, खरं आहे.) खिडकीखाली तुमच्या भाच्याचं टेबल. त्यावर मेणाचा दिवा, घासायची मोटर, दातांच्या पट्ट्या. भिंतीला तीन फळ्या आणि त्यांवर प्लास्टरचे जबडे, दीडशे तरी असतील, सगळे खोलीच्या मध्याकडे तोंड करून. त्यांच्यासमोर माझी खुर्ची. दुपारी हा तयार माल पोचवायला आणि नवीन मापं आणायला जातो, सून कामावर असते, तेव्हा मी आणि ते दीडशे जण. माझं काम शेवटचं. पॉलिश होऊन वाटीत पाण्यात ठेवलेली कवळी मऊ ब्रशने धुवायची, ओल्या फडक्यात गुंडाळायची, वाटीखालची चिठ्ठी उचलायची, दोन्ही डबीत घालून वर रबर लावायचं. काम सोपं, पण कंटाळवाणं. म्हणून मी एक पद्धत बसवली. सिनेमा चालू असताना हात मांडीवर. जाहिरात लागली की एक कवळी. एका सिनेमाला साधारण नऊ जाहिराती, म्हणजे नऊ डब्या. सिनेमाही होतो, कामही होतं. लेक म्हणायचा, "आई, हल्ली तुझा हात भरभर चालतो." मी म्हणायचे, सवय.

आता यादी घ्या. पहिला सिनेमा घराचा. नवराबायको, सासू आणि दोन मुलं मोठं घर स्वस्तात घेतात, आणि कोणी विचारत नाही की स्वस्त का. आत गेल्यावर तळघराला बाहेरून कडी. वन्सं, बाहेरून कडी असलेली खोली आपण घेतली असती का? तुम्ही तर आधी नळ सोडून बघितला असता. भूत चाळिसाव्या मिनिटाला येतं, तोपर्यंत ती बाई नुसती पडदे लावत फिरते. घर एकदाही झाडत नाही. मला त्या घरात भुतापेक्षा जिन्यावरचा कचरा जास्त टोचला. पण शेवट चांगला आहे, सासूचंच म्हणणं खरं निघतं. बघा.

दुसरा लिफ्टचा. इमारतीला सात मजले आणि लिफ्ट आठव्यावर थांबते. दार उघडतं, समोर एक रिकामी खुर्ची आणि त्यावर कोणाचा तरी गरम चहा. एवढंच. पुढे काय होतं ते सांगत नाही, पण मी तो पाहिल्यापासून बँकेत गेले तर जिन्याने जाते. भीतीने नाही. पायांना व्यायाम.

तिसरा परक्या भाषेतला, खाली अक्षरंसुद्धा येत नाहीत. एक म्हातारी दोन तास जिना उतरते आणि उतरताना कोणाला तरी बोलत असते. शब्द एक कळला नाही, पण हिशेब सगळा कळला. सुनेबद्दल बोलत होती. हा तुम्हाला आवडेल.

जंगलाचे, मुखवट्याचे आणि कॉलेजच्या पोरापोरींचे लावू नका. त्यात पाच जण एकत्र असतात, आवाज आला की एकजण म्हणतो आपण वेगवेगळे होऊ या. अशांना भुताने खाल्लं तर मी भुताची बाजू घेते.

चौथा दीपगृहाचा. (मला वाटतं घड्याळ पुढे आहे. अडीच वाजले. म्हणजे सोमवारच्या दहाला अजून साडेसदुसष्ट तास, मी पाटीवर मोजून बघितलं.) हा सिनेमा सगळ्यांत चांगला म्हणून नातीच्या यादीत पहिला होता. समुद्रात दीपगृह, त्यात दिवा लावणारा माणूस आणि त्याची बायको. रोज संध्याकाळी ती तिसऱ्या माणसाचं ताट वाढते. तो म्हणतो, तिसरं कोणासाठी, तर ती त्यात भाजी वाढते. या मंगळवारच्या आधीच्या मंगळवारी मी तो बघत होते. माझ्यासमोर दोन वाट्या उरल्या होत्या, दोन्हींत वरच्या कवळ्या, दिसायला सारख्याच गुलाबी. सिनेमात ती बाई ताट घेऊन जिना चढत होती, वर दाराखालून उजेड येत होता, आणि तिने कडीला हात लावला आणि जाहिरात लागली. मी म्हटलं चला, आज दोन्ही एका फेरीत उरकू. दोन्ही धुतल्या, दोन्ही फडक्यांत घेतल्या, तेवढ्यात जाहिरात पाचच सेकंदांत संपली. (कोपऱ्यात "वगळा" असं येतं, त्यावर माझा कोपर पडला असणार.) दार उघडत होतं. मी पडद्याकडे बघत बघत दोन्ही डब्या भरल्या आणि रबरं लावली. चिठ्ठ्या बरोबर होत्या. कवळ्या उलट्या गेल्या. यात माझा दोष पाच सेकंदांचा, बाकी सगळा जाहिरातवाल्यांचा.

यावर तुम्ही म्हणाल, मग डॉक्टरांना बसवताना कळलं कसं नाही. डॉक्टर त्याच दिवशी परगावी जायचे होते. लिलाववाल्याला म्हणाले, कवळी बनवणाऱ्याकडून परस्पर घेऊन जा, वापरायला लागा, सुरुवातीला दुखतंच, मी आल्यावर घासून देतो. त्यामुळे तो बिचारा आठ दिवस दुखणं सहन करत राहिला. दुखणारच असं डॉक्टरांनी सांगितलेलं, आणि माणूस सांगितल्यासारखा वागणारा.

परवा, बुधवारी दुपारी, मी इथेच बसले होते. पडद्यावर एका आरशात भूत यायचं होतं आणि ते येत नव्हतं. दारात सावली पडली. मी मान वर केली. वन्सं, मी एकतीस सिनेमे पाहिले, पण असं काही पाहिलं नाही. दारात एक धिप्पाड परका माणूस उभा, खांद्याला टॉवेल, हातात पिशवी, आणि त्याच्या चेहऱ्याच्या खालच्या अर्ध्यात एक ओळखीचं तोंड. वरचा ओठ आत ओढलेला, कोपरे खाली, पुढच्या दोन दातांत बारीकशी फट, आणि सगळ्यावर असा भाव की मी आता काय चूक केलीय ते त्याला आधीच ठाऊक आहे. माझे हात आपोआप पदराला गेले आणि मी उभी राहिले. उभी राहून म्हटलं, "भाजी चिरून झालीय." पंचेचाळीस वर्षांत मी हे वाक्य बोलले नव्हते.

तो म्हणाला, "आजी, भाजीचं नाही, दातांचं आलोय. हे माझे नाहीत." बोलताना त्याची शीळ वाजत होती. त्या फटीतून.

मी म्हटलं, "तुमच्या तोंडात आहेत, मग कोणाचे?"

"तेच विचारायला आलोय. टोचतात, मोठ्याने ओरडलं की खाली पडतात. काल संत्र्यांच्या ढिगात पडले, लोकांनी हुडकून दिले." मग जरा थांबून म्हणाला, "एक आहे मात्र. बाजारात हल्ली मला कोणी उलटून बोलत नाही. परवा एकाने भाव पाडायला तोंड उघडलं, मी नुसतं बघितलं, त्याने गुपचूप पेट्या उचलल्या. बायको पण विचारते, माझं काही चुकलं का."

मी म्हटलं, विचारणारच.

मग मी त्याला खुर्ची दिली आणि सरळ सांगितलं की चूक माझी आहे, मुलाची नाही, आणि डॉक्टरांच्या कानावर गेली तर या खोलीला कुलूप लागेल. खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण त्या तोंडाकडे बघून खोटं बोलता येईना. (का, ते कळेल.) माणूस चांगला निघाला. म्हणाला, माझे मला रविवारपर्यंत मिळाले तर मी सोमवारी डॉक्टरांपुढे याबद्दल तोंड उघडणार नाही, एरवी त्यांनी आ करा म्हटल्यावर मी काय करणार. खरंच आहे. सोमवारी दुपारी हंगामातला मोठा लिलाव आहे त्याचा. ओरडायला त्याला दात लागतात. तोवर ही कवळी माझ्याकडे ठेवून तो तसाच बोळक्याने गेला. कालपासून बाजारात तो बोटांनी भाव सांगतो आणि दिवसातून दोनदा या दारात येऊन नुसता माझ्याकडे बघतो. भुवया वर करतो. मी मान हलवते. तो जातो. लेकाने काल सकाळी विचारलं, हा माणूस कशाला येतो? मी म्हटलं, ओळख झालीय, फळं देतो. आता खोटं खरं व्हायला हवं म्हणून मी त्याला म्हटलं, येताना हात रिकामे आणू नका. तर आता घरात दोन टोपल्या सफरचंदं आहेत, आणून देणाऱ्याला ती चावता येत नाहीत, आणि सून विचारते की सासूबाई, हे काय चाललंय तुमचं या वयात.

माझ्या लेकाचं मात्र वेगळंच. त्याला काही ठाऊक नाही, पण घरातल्या माणसाने काही लपवलं की त्याला वास येतो. लहानपणापासून असाच. आज जेवताना म्हणाला, "आई, सोमवारी डॉक्टर येतायत. एकवीस कवळ्या गेल्यात त्यांच्या गैरहजेरीत. एकही परत आली नाही तर मला वाटतं ते दुसऱ्या दवाखान्याचं कामसुद्धा मला मिळवून देतील." एवढं लांब वाक्य तो दोन वर्षांत बोलला नव्हता. मी पाणी प्यायला उठले. मला काही रडूबिडू येत नाही, तुम्हाला ठाऊक आहे, तुमचे भाऊ गेले तेव्हाही मी आधी दूधवाल्याला कमी दूध सांगितलं. पण तांब्याभर पाणी प्यायले. त्यानंतर मी त्याच्याकडे बघितलं नाही. फळीवरच्या जबड्यांकडे बघत बसले. ते सगळे माझ्याकडे.

तुम्हाला फोन का केला नाही, असं मनात येईल. तुमचा फोन सून धरते, आवाज मोठा करून मध्ये ठेवते आणि सगळं घर भोवती बसून ऐकतं. तुम्ही "काय?" म्हणता तेव्हा मला दुप्पट जोराने बोलावं लागतं, आणि इथे भिंतीपलीकडे लेक बसलेला. काही गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत. म्हणून पत्र. मी तिसरीपर्यंत शिकले त्याचा उपयोग आयुष्यात पहिल्यांदा होतोय. आणि टपालाने टाकलं तर बुधवारी पोचेल, म्हणून मोठ्या नातीच्या हाती देते. ती दोन दिवस सुट्टीवर आहे, उद्या सकाळच्या पहिल्या बसने निघेल, तुमच्याकडे रात्रीपुरती राहील आणि रविवारी दुपारच्या बसने परत फिरेल. तिला सांगितलंय की आजीला सिनेमांची यादी नेऊन दे. एवढंच सांगितलंय. तिला वाटतंय की एवढ्यासाठी कोणी सहा तास बसमध्ये पाठवतं का. तिचं बरोबर आहे.

यादी संपली म्हणायला हरकत नाही. चारांपैकी तिसऱ्यापासून सुरुवात करा, दीपगृहाचा शेवटी ठेवा. दुपारीच बघा, उजेडात, आणि कानाचं यंत्र लावून, नाहीतर भूत येऊन गेलेलं कळणार नाही. जाहिरात लागली की उठून थोडं चाला, पण हातात काही काम घेऊ नका.

तुमच्या सुनेला आशीर्वाद. तिला म्हणावं, आता चहा करायला आत जा आणि आतच थांब.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. वन्सं, आता बसून घ्या. सुनेला आत जाऊ द्या. तुमच्या तोंडात जी वरची कवळी आहे ती तुमची नाही. त्या मंगळवारी तुम्हाला पाठवलेल्या डबीत गेली ती लिलाववाल्याची आहे. तुमचा जबडा लहान, त्याचा मोठा, म्हणून पेस्ट जास्त लागते आणि म्हणून ओठ मिटत नाहीत आणि म्हणून लोकांना तुम्ही हसतमुख दिसता. तुमची कवळी समोर बसलेल्या नातीच्या पिशवीत आहे, निळ्या झाकणाच्या डबीत, चिठ्ठीवर "आत्या" असं तुमच्या भाच्याच्या अक्षरात. तुमचे जुने दात होते तसेच हवेत म्हणून तुम्ही हट्ट धरलात, त्याने जुना फोटो बघून पुढची फट केसाने मोजून ठेवली होती. त्या फटीनेच मी ओळखलं. बावन्न वर्षं ज्या फटीतून बोलणी खाल्ली ती मी विसरीन कशी? तर कृपा करून तोंडातली काढा, थंड पाण्याने धुवा, (उकळतं पाणी घालू नका, वाकडी होते आणि मग मला घर सोडावं लागेल) ओल्या फडक्यात गुंडाळून डबीत घाला आणि रबर लावून नातीला द्या. रविवारी संध्याकाळी लिलाववाला दारात उभा असेल. हेच काम होतं. सिनेमे निमित्त. पण सिनेमे खरोखर चांगले आहेत.

ता. क. दुसरी. तुम्ही माझ्या लेकाच्या आत्या आहात, त्याला रागवायचा तुमचा हक्क आहे, पण या बाबतीत रागवायचं असेल तर मला रागवा, आणि ते पत्राने. त्याला यातलं अवाक्षर कळवू नका. सोमवारी अकरा वाजता तो दवाखान्यातून हसत आला पाहिजे. तुमची कवळी मी उकळून नाही, पण तीन वेळा साबणाने घासलीय, लिलाववाला पान तंबाखू खात नाही, तेही विचारून घेतलंय.

ता. क. तिसरी. वर एक गोष्ट खोटी लिहिली आहे आणि ती तशीच ठेवली तर मला आज झोप लागणार नाही. त्या मंगळवारी जाहिरात लागलीच नव्हती. ती बाई ताट घेऊन जिना चढत होती, दाराखालून उजेड येत होता, तिने कडीला हात लावला, आणि मी डोळे मिटले. गच्च मिटले. हाताला काहीतरी काम हवं म्हणून वाट्यांतल्या कवळ्या धुतल्या आणि डोळे मिटूनच डब्या भरल्या. तिसरं ताट कोणासाठी होतं ते मला अजून ठाऊक नाही. लिफ्टसुद्धा मी व्यायामासाठी टाळत नाही. नातीला सांगू नका. तुम्ही दीपगृहाचा बघितलात तर शेवट पत्रातून कळवा, पण आधी एका ओळीत लिहा की वाचायला हरकत नाही ना.

ता. क. चौथी आणि शेवटची. कवळी काढण्याआधी एक करा. नातीकडे फोन आहे. तिच्याकडे तोंड करून सरळ बसा आणि एक फोटो काढू द्या. त्यासाठी वेगळं हसावं लागणार नाही, दात आपलं काम करतील. बावन्न वर्षांत मी तुम्हाला हसताना बघितलेलं नाही, आणि रविवारी संध्याकाळनंतर ते पुन्हा बाजारात जाणार.